समुद्रानं आहेर परत केला

एक्कावन्नाव्या वर्षी मला कुणी विचारलं असतं की, बाई, तू आयुष्यात सगळ्यात झटपट काय केलंस, तर मी म्हटलं असतं, सगळंच. बाळंतपणंसुद्धा. धाकट्याच्या वेळी सुईण दारात पोचायच्या आत मी मोकळी झाले होते, आणि ती आल्यावर तिला चहा कोण टाकणार याचीच मला काळजी पडली होती.

आमच्याकडं बाईचं कौतुक करायचं तर तिचा रंग कुणी सांगत नाही. "तिला लई उरक हाय," असं म्हणतात. हातातलं काम खाली पडायच्या आत दुसरं उचलायचं, म्हणजे उरक. माझ्या उरकाची ख्याती अणदूरपासून नळदुर्गापर्यंत आहे, असा माझा समज होता. आता वाटतं, लोक नुसते माझ्या वाटेतून बाजूला होत असतील. भाकरी थापता थापता मी म्हशीला हाक मारायचे, म्हशीला पाणी दाखवता दाखवता आरती म्हणायचे. एकदा घाईत खंडोबाचा भंडारा आमटीत गेला आणि आमटीची हळद देवाला. दोघांपैकी कुणीही तक्रार केली नाही, म्हणून मी तेही उरकलं असंच धरलं.

अशा बाईच्या पोटात खडे झाले. पित्ताच्या पिशवीत. दुखायला लागलं की गुडघे पोटाशी घेऊन मी पाच मिनिटं पडायचे, आणि ती पाच मिनिटं वाया गेली म्हणून पुढचा तासभर दुप्पट वेगानं काम करायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दोनदा मला हिरवा झगा घालून आत नेलं आणि दोनदा दारातून परत आणलं. बीपी इतकं चढलेलं असायचं की भूल द्यायला कुणी धजेना.

दुसऱ्या वेळी डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "गोळ्या वाढवून झाल्या. आता तुम्ही आठ दिवस अशा जागी जा जिथं तुम्हाला काहीच काम नसेल. समुद्रावर जा. नुसतं बसा. उद्या खडा नळीत अडकला तर घाईनं पोट उघडावं लागेल, आणि या बीपीवर तेव्हा काय होईल ते मी सांगू शकत नाही."

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "चार दिवसांत बसून झालं तर चालंल का?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही. ह्यांच्याकडं बघितलं.

हे म्हणजे आमचे मालक. शाळेत भूगोल शिकवायचे. कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते नकाशा खाली-वर सरकवल्यासारखं सावकाश. तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र काढला, पण प्रत्यक्षात कधी पाहिला नव्हता. घरी येताना एसटीत एवढंच म्हणाले, "समुद्रच बरा. बाकी सगळीकडं आपले पाहुणे हायेत."

ते खरं होतं. तुळजापूरला माझी बहीण, परंड्याला नणंद. कुठंही आरामाला गेले तरी चप्पल काढायच्या आत मी पदर खोचून त्यांच्या मोरीत उभी. समुद्राकाठी मात्र आमचं कुणीही नव्हतं.

असं आम्हाला वाटत होतं. सासूबाईंना वाटत नव्हतं.

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढं. बाजेवर बसून सगळ्या गावची नाती त्यांना पाठ. मी पिशवी भरत होते, तर म्हणाल्या, "कुठं निघालीस?"

"समुद्रावर. डॉक्टरनं सांगितलंय."

"मंग रिकाम्या हातानं जातीस का? इवाई हाय आपला त्यो."

इवाई म्हणजे व्याही. मी म्हटलं, "समुद्र कसा इवाई?"

"बोरी आपल्या शिवारातनं जाती का न्हाय? मंग गावची लेक झाली. ती भीमेला मिळती, आन् भीमा म्होरं समुद्राच्या घरी जाती. लेक दिली त्या घरचा मोठा माणूस. त्याला जावई म्हणलं असतं, पर एवढ्या वयाचा जावई बरा दिसत न्हाय. इवाईच बरा."

बिनतोड होतं. बोरी नदी आमच्या मळ्याच्या बांधाला लागून जाते. पावसाळ्यात दोन महिने ती नदी असते, उरलेलं वर्ष ती नदी होती असं आम्ही सांगतो. पण लेक रोडकी असली म्हणून तिचं सासर काही परकं होत नाही. मी पेटीतून नवा सोलापुरी टॉवेल काढला, पांढरी टोपी काढली, शेंडीचा नारळ घेतला. पुरुषमाणसाचा आहेर आमच्याकडं असाच होतो: टॉवेल, टोपी, नारळ. हे खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं, मग मिटलं. मला वाटलं, जांभई आली.

समुद्रावर नेलेल्या सामानाची यादी मी आज नातीला सांगते तेव्हा ती हसून लोळते. दोन कॅन आमच्या बोअरचं पाणी. कारण समुद्राचं पाणी खारट असतं आणि कोकणातल्या विहिरीचा भरवसा काय. कडक भाकरी, शेंगाची चटणी. पाच किलो भुईमुगाच्या शेंगा, फोडायला, कारण नुसतं बसायचं तर हातांनी काय करायचं. आणि एक केरसुणी. केरसुणी का घेतली ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. दुसऱ्याच्या गावची केरसुणी हाताला बसत नाही, एवढंच.

सोलापूर, कोल्हापूर, मग घाट. कोकणातलं ते गाव म्हणजे माडाखाली विखुरलेली पाच-पंचवीस घरं. एका काकूंच्या घरी मागची खोली मिळाली. काकू साठीच्या, बारीक, आणि इतक्या सावकाश की त्यांनी "या" म्हटलं आणि मी आत जाऊन, पिशव्या ठेवून, हातपाय धुऊन बाहेर आले तेव्हा त्या "बसा" म्हणत होत्या.

"बसायला येळ न्हाय," मी म्हटलं. "आदी आहेर करून येते. एकदा ते उरकलं की मोकळी."

काकूंनी ह्यांच्याकडं बघितलं. त्या वर्षी सगळेच ह्यांच्याकडं बघत होते.

घरामागून वाळूची वाट होती. ती संपली आणि समोर तो. आता इथं लिहिणाऱ्या लोकांनी बरंच काही लिहिलेलं असतं, छाती भरून आली वगैरे. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, एवढं पाणी, आणि एकही माणूस भरून नेत नाही. आमच्याकडं त्या आठवड्यात टँकर एक दिवसाआड येत होता. हे चप्पल हातात घेऊन उभे राहिले. तीस वर्षं ज्याची परीक्षा घेतली तो विद्यार्थी मोठा होऊन समोर यावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मी मात्र पदर खोचून पाण्यात घोट्याएवढी गेले, हळदी-कुंकू वाहिलं, म्हटलं, "पावणं, रामराम. बोरीच्या माहेरचे आम्ही. गोड मानून घ्या." आणि टॉवेल, टोपी, नारळ पाण्यात सोडून वळले. नमस्कारासकट सगळं मिळून एका मिनिटात.

वाळूवर चार पावलं टाकली तर नारळ माझ्या टाचेला येऊन लागला.

मी तो उचलून परत टाकला. तो परत आला. जोरात टाकला. तो जोरात आला. मागोमाग टोपी आली, उपडी, वाळूत तोंड खुपसून. टॉवेल जरा उशिरा आला आणि ह्यांच्या पायाला गुंडाळला.

बाहेरच्या माणसाला ह्यात काय विशेष, असं वाटेल. लाट आली, वस्तू आली. पण आमच्याकडं आहेर परत येणं म्हणजे काय असतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच माझी त्या क्षणाची अवस्था कळेल. आमच्या चुलत सासऱ्यांनी एका लग्नात धोतर आखूड आहे म्हणून आहेर परत केला होता. तीन वर्षं दोन घरांत येणं-जाणं बंद होतं. शेवटी मोठं धोतर, पाच माणसं आणि एक बोकड घेऊन मनधरणीला जावं लागलं. माझ्या हातचा आहेर आजवर कुणी परत केला नव्हता. आणि इथं एवढा मोठा व्याही सगळ्या किनाऱ्यासमोर टोपी फेकून देत होता.

अकरा वेळा टाकलं. अकरा वेळा आलं. किनाऱ्यावर कुणी नव्हतं म्हणून बरं. एक कुत्रं होतं, ते पहिल्या तीन वेळा नारळामागं धावलं आणि मग त्यालाही कंटाळा आला.

"त्येंना नको असंल," हे म्हणाले.

"नको कसं असंल? सोलापुरी टॉवेल हाय."

"मंग टोपी ल्हान होत असंल. एवढं मोठं डोकं."

ह्यांनी ते हसत म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण ते टॉवेल पिळत होते आणि गंभीर होते.

संध्याकाळी मी काकूंना सगळं सांगितलं. त्या मन लावून तांदूळ निवडत होत्या. एक खडा काढून बाजूला ठेवला, त्याच्याकडं जरा वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "भरती होती ना. भरतीला दिलेलं येणारच परत. ओहोटीला द्यायचं."

"मंग ओहोटी कवा लागती?"

"लागेल."

"पर कवा? किती वाजता?"

"आज लागली तेव्हा उद्या नाही. उद्या जराशी पुढं. परवा आणखी पुढं. सहा तास चढतं, सहा तास उतरतं."

मला वाटलं, ह्या माझी चेष्टा करतायत. ज्याला रोजच्या कामाची वेळ पाळता येत नाही, आणि एक अंगण ओलं करायला सहा तास लागतात, त्याच्या घरी आपण लेक दिली. मनात म्हटलं, बोरी उगाच रोड होत नाही.

आता त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझी, दुसऱ्या दिवसाची कामगिरी ऐका. सकाळी उठून पाहते तर किनाऱ्यावर काल भरतीनं आणून टाकलेला कचरा. नारळाच्या शेंड्या, काटक्या, शिंपले, कुणाची तरी एक चप्पल. व्याही रुसलाय तर निदान त्याचं अंगण झाडून द्यावं, म्हणून मी केरसुणी घेऊन समुद्रकिनारा झाडायला लागले.

विनोद म्हणून नाही. खरोखर. काकूंच्या वाटेपासून खडकापर्यंत मी वाळूवरचा कचरा लोटत नेला, एका बाजूला ढीग केला, वर पाणी शिंपडावं का याचाही विचार केला. मासे घेऊन येणाऱ्या दोन बाया थांबल्या. एकीनं विचारलं, "काय हरवलं काय?"

"न्हाय. झाडतेय."

त्यांनी डोक्यावरच्या पाट्या सावरल्या. मग गेल्या. त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल, ते मला आज ऐकायला आवडेल.

दुपारपर्यंत भरती आली आणि तिनं माझा ढीग अलगद उचलून सगळीकडं परत नेऊन मांडला. चप्पलसुद्धा होती तिथंच. मी केरसुणी घेऊन उभी. माझ्याहून जास्त उरक असलेला पहिलाच माणूस मला भेटला होता. बघता बघता एवढं मोठं अंगण त्यानं एका हातानं ओलं केलं, सपाट केलं. आणि मग काय केलं, तर मागं सरकून पडून राहिला. तेच काम रात्री परत करायला. त्याला रोज दोनदा तेच करायचं होतं आणि ते कधीच संपणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो तडतड करत नव्हता. मला त्याचा रागच आला.

शेंगा मी त्या दिवशी रागानं फोडल्या. पाच किलो शेंगा संध्याकाळच्या आत संपल्या. आता हातांना काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी पोटात कळ आली. बारीकच, पण मी खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिले आणि घाम फुटला. हे पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसले.  मला घोट घोट पाणी पाजलं. कळ गेली. पण ती जाताना डॉक्टरांचं वाक्य उंबऱ्यावर ठेवून गेली: घाईनं पोट उघडावं लागेल. मला पहिल्यांदा असं वाटलं की जगात एक तरी गोष्ट घाईनं होऊ नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडं आहेर कसा देतात हो?"

मी सांगायला लागले. व्याह्याच्या घरी जायचं. पाय धुवायचे. बसायचं. पाणी घ्यायचं, चहा घ्यायचा. पाऊस-पाणी, पीक, गुरं, पोराबाळांची विचारपूस करायची. मग जेवण. मग आडवं व्हायचं. आणि मग कुठं उठायच्या वेळी पाट मांडून...

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

काकू तांदूळ निवडत होत्या. "आणि तुम्ही कसा दिलात?"

उभ्या-उभ्या. दारातूनच. चप्पल घालून. तोंड फिरवून. आमच्या गावात कुणी व्याह्याला असा आहेर केला असता तर टोपी परत आली नसती, डोक्यात आली असती. चूक समुद्राची नव्हतीच. मी त्याच्या घरी बसले नव्हते.

मी खोलीतून सतरंजी काढली, काकूंकडून एक पाट मागून घेतला. वाळूवर सतरंजी अंथरली, समोर पाट मांडला, पाटावर टॉवेल, टोपी, नारळ. आणि बसले. म्हटलं, "पावणं, चुकलं. आता बसते. तुमच्या सवडीनं."

पहिला तास कसा गेला ते सांगायची सोय नाही. म्हणजे गेलाच नाही. माझे हात मांडीवर होते आणि ते कुणा दुसऱ्या बाईचे ठेवायला दिल्यासारखे होते. तीनदा उठले. एकदा सतरंजीची घडी सरळ केली, एकदा पाट अंगुळभर डावीकडं, एकदा परत उजवीकडं. हे जरा मागं माडाखाली बसले होते. भेळीच्या कागदावरची अर्धी बातमी वाचत होते, आणि ती वाचून झाली की परत पहिल्यापासून वाचत होते.

मग मी विचारपूस सुरू केली. रीतच आहे ती. हळू आवाजात म्हटलं, बोरी बरी आहे. उन्हाळ्यात जरा सुकते, पण प्रकृतीनं काटक आहे. नळदुर्गाजवळ तिला अडवून धरतात, म्हणून तिला तुमच्याकडं यायला उशीर होतो, तिच्यावर रागवू नका. यंदा तूर चांगली झाली. एक म्हैस आटली. सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. थोरल्या सुनेला उरक नाही. एवढं बोलून मी थांबले. एका पाहुण्याच्या दारात आपल्या सुनेची निंदा बरी नव्हे. मग म्हटलं, पोरगी चांगली आहे, मीच तिच्या मागं लागते.

ते मी कुणापुढं कबूल केलं नव्हतं. पण तो काही पुढं जाऊन सांगणारा नव्हता. मी एक वाक्य बोलायचे, तो एक लाट आणायचा, आणि ती परत जाईपर्यंत पुढचं वाक्य बोलता यायचं नाही. मध्ये बोलायला गेलं की ऐकूच यायचं नाही. तासाभरात माझ्या बोलण्याला त्याची चाल लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेत होते.

दुपारी काकूंनी तांदळाची भाकरी तिथंच पाठवली. मी सावलीपुरती सतरंजी मागं ओढली, जेवले आणि आडवी झाले. रीतच आहे ती.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. दिवसाउजेडी मी कधी झोपले होते ते आठवेना. बहुतेक धाकट्याच्या वेळी, त्याही झोपेत सुईणीच्या चहाची काळजी होती. पाणी येऊन गेलं होतं. पाटाचे पाय ओल्या वाळूत रुतले होते. पाटावर नारळ होता, टॉवेल होता. टोपी नव्हती.

समुद्र लांब मागं सरकलेला. वाळू आरशासारखी. टोपी कुठंच नव्हती. मी किनारा दोन्हीकडं बघून आले, सावकाश, कारण पाय अजून झोपेत होते. परत आलेली नव्हती. घेतली होती त्यानं.

मी ह्यांच्याकडं गेले आणि म्हटलं, "पावण्यांनी टोपी घेतली."

"बरं झालं."

"रुसवा गेला. आता टॉवेल उद्याच्याला. नारळ परवा. एकदम न्हाय घ्यायचे ते, रीतीचा माणूस हाय."

पुढचे चार दिवस मी अशीच बसले. पाट मांडायचा, विचारपूस करायची, आडवं व्हायचं. केरसुणी दाराआड होती ती दाराआडच राहिली. ओहोटी कधी लागते हे मी विचारायचं सोडलं, कारण ते मला सतरंजीवरून दिसायला लागलं होतं: आधी वाळूवर फेसाची एक वाळलेली रेघ उरते, मग तिच्याखाली दुसरी. टॉवेल पाचव्या दिवशी गेला. नारळ काही त्यानं घेतला नाही. काकू म्हणाल्या, त्याच्याकडं नारळ खूप आहेत. ते पटण्यासारखं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "सासूबाईंना सांगते, इवाई लई भला माणूस. बोरी सुखात हाय."

ह्यांनी भेळीचा कागद चार घड्या करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बोरी इथं येत न्हाय."

"म्हंजी?"

"बोरी भीमेला. भीमा कृष्णेला. कृष्णा पार तिकडं, पूर्वेच्या समुद्राला. ह्यो पश्चिमेचा. आपल्या गावचा एक थेंब हिकडं येत न्हाय."

 मग हिशेब लागला. पाच दिवस मी परक्या माणसाच्या दारात बसून घरातलं सगळं सांगत होते. म्हशीचं, सुनेचं, सासूबाईंचं. ज्याच्याशी सोयरीक नाही अशानं माझा टॉवेल नेला होता, टोपी नेली होती. आणि पहिल्या दिवशी तो बिचारा अकरा वेळा सांगत होता, बाई, हे माझं नव्हे.

त्या बाईनं पुढं काय केलं असेल? पाण्यात गुडघ्याएवढी जाऊन टोपी परत मागितली. म्हटलं, "चुकीच्या घरी दिलीय, माघारी द्या." एक लाट आली आणि सकाळीच काकूंनी धुऊन दिलेलं माझं लुगडं कमरेपर्यंत भिजवून गेली.

बाहेर आले तेव्हा छाती धडधडत होती, जुनी, ओळखीची. मी ह्यांना म्हटलं, "घरनं निघतानाच ठावं हुतं ना तुम्हाला? तीस वर्षं भूगोल शिकवला. मंग सात दिवस गप का बसला?"

हे सावकाश म्हणाले, "तू बसली हुतीस."

"तर?"

"लग्न झाल्यापासनं तुला बसलेली बघितली न्हवती. म्हणलं, बसू दे."

 मी सतरंजीवर जाऊन बसले. लुगडं ओलं होतं, वाळू चिकटत होती. हे माडाखालून उठले आणि पहिल्यांदाच येऊन सतरंजीवर शेजारी बसले. दोघं मिळून परक्या समुद्राकडं बघत राहिलो. धडधड कधी थांबली ते कळलं नाही.

काकूंना मी निघताना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आठ दिवस कुणाच्या घरी जेवलं-झोपलं की मग सोयरीक विचारत नाहीत, वहिनी."

सोलापूरला उतरलो ते थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली. मी डोळे मिटले आणि लाट परत जायची वाट बघितली. त्यांनी आकडा बघितला, पट्टा सोडला, दुसऱ्या हाताला बांधला. मग नर्सला म्हणाले, दुसरं मशीन आणा. दुसऱ्या मशीननंही तेच सांगितलं.

"काय केलंत तिथं?"

"पाहुण्याकडं बसले हुते."

"कोण पाहुणे?"

"आमचे कुणी लागत न्हाईत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. घाईनं नाही, नीट ठरवून. खडे मला एका डबीत घालून दिले, सात होते, हरभऱ्याएवढे. ह्यांनी ते तळहातावर घेऊन असे बघितले जणू वर्गात दाखवायचे आहेत.

राहिला प्रश्न खऱ्या व्याह्याचा. पूर्वेच्या. त्याला कळलं असेल की आहेर भलत्याच घरी गेला, तर तो रुसणार. तिकडं जायचं म्हणजे दोन राज्यं ओलांडायची. ह्यांनीच सुचवलं, बोरीच्या हातीच पाठव. म्हणून नवा टॉवेल, नवी टोपी आणि त्या समुद्रानं न घेतलेला नारळ असं पुडकं मी बांधलं. सोबत ती डबीही. म्हटलं, कळू दे पाहुण्यांना, उशीर का झाला.

पण तो वैशाख होता. बोरीत पाणी नव्हतं. पूर्वीची मी असते तर पुडकं घेऊन चालत भीमेपर्यंत गेले असते. मी ते फडताळात ठेवलं, आणि रोज संध्याकाळी बांधावर जाऊन कोरड्या पात्राकडं बघत बसायला लागले. सून घरातून वाकून बघायची, तुझी सासू आजारी आहे का म्हणून शेजारणी तिला विचारायच्या. श्रावण सरता सरता पाणी वाहायला लागलं आणि मी पुडकं सोडलं. ते वळणापर्यंत गेलेलं मी बघितलं.

त्याला आता चोवीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या. सून आता सासू व्हायला आली आणि तिच्या अंगात भलताच उरक शिरलाय, मला म्हणते, "आई, आवरा की." मी आवरते, पण आधी फेसाची रेघ वाळू देते. बांधावर संध्याकाळी अजून बसते. हेही येतात, काठी टेकत.

परवा नात सोबत होती. तिला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आजी, पण मधी किती धरणं हायेत. पुडकं पोचलंच नसंल. हो ना, आजोबा?"

ह्यांच्या खिशात नकाशा असतोच, घड्यांवर फाटलेला. त्यांनी तो काढला, मांडीवर उलगडला, नळदुर्गाच्या धरणावर बोट ठेवलं. भीमा, मग कृष्णा, मग तिच्यावरची मोठाली धरणं, बोट पुढं पुढं सरकत गेलं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी बांधावर पाय सोडून, हात मांडीवर ठेवून बसले होते, बोरीच्या वळणाकडं बघत.

ह्यांनी नकाशाची घडी केली आणि परत खिशात ठेवली.